संगीत नाटकाचा कोरडा काळ आणि १९६० नंतरची नवी चाल

मराठी संगीत नाटक, म्हणजे पात्रे गद्य संवादांच्या जोडीने स्वतः रंगमंचावर पदे गातात असा नाट्यप्रकार, १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने पुण्यात स्थिरावला आणि पुढची चाळीस वर्षे त्याने महाराष्ट्राच्या अभिरुचीवर जवळजवळ निर्विवाद राज्य केले. ‘सौभद्र’, ‘शारदा’, ‘मानापमान’, ‘स्वयंवर’ ही त्या राज्याची ठळक ठाणी होत. १९३० नंतर मात्र हा झरा आटला. जुनी नाटके होतच राहिली, गाणारे नटही होते, पण नव्या संगीत नाटकात पूर्वीचा जोम क्वचितच दिसू लागला.

या ओहोटीचा दोष सामान्यतः बोलपटावर टाकला जातो आणि त्यात तथ्य आहेच. १९३२ मध्ये ‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेचा ‘अयोध्येचा राजा’ आला; त्याचे संगीत देणारे आणि त्यात हरिश्चंद्राची भूमिका करणारे गोविंदराव टेंबे हेच ‘मानापमान’च्या चालींचे कर्ते होते, आणि तीन वर्षांनी संगीत रंगभूमीचे खुद्द गायक नट बालगंधर्वही ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’मध्ये दिसले. तरीही केवळ प्रेक्षक पळवले गेले म्हणून एखादी कला वांझ होत नाही. खरे कारण नाटकाच्या आतच होते. पदाची चाल बहुधा आधीच्या एखाद्या लोकप्रिय गाण्यावरून, बंदिशीवरून किंवा लावणीवरून घेतली जाई, छापील पुस्तकात पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून तिचा निर्देशही असे, आणि पद त्या चालीच्या मापाने बेतले जाई. किर्लोस्करांच्या काळी ही रीत ताजी होती, कारण कीर्तन, लावणी, साकी, दिंडी हे सारे प्रथमच एका कथेत ओवले जात होते. भास्करबुवा बखल्यांनी ‘स्वयंवरा’त ख्यालाच्या बंदिशींचे सौंदर्य आणले, तेव्हा ती आणखी श्रीमंत झाली. परंतु पुढे पदाला मिळणारा ‘वन्समोअर’, म्हणजे तेच पद पुन्हा गाण्याचा प्रेक्षकांचा आग्रह, हीच यशाची मोजपट्टी झाली. प्रयोग पहाटेपर्यंत लांबू लागले, कथा गायकासाठी खोळंबू लागली आणि नाटककाराला सुचण्यासारखे फारसे उरले नाही.

या कोंडीतून वाट काढत १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणून मोजकीच आणि प्रसंगाला धरून येणारी गाणी ठेवली, त्यांना केशवराव भोळ्यांनी भावगीताच्या वळणाच्या चाली दिल्या. १९४२ मध्ये मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’ने तोच मार्ग घराघरांत नेला. या दोन्ही प्रयत्नांना नंतरच्या लेखनात पुरेसे श्रेय मिळालेले नाही. गाण्याने नाटकाला उत्तरदायी असावे हा विचार त्यांनी दिला, फक्त रागदारीचा विस्तार त्यांच्या आटोपशीर चौकटीत मावत नव्हता.

तो विस्तार आणि तो विचार एकत्र आले १९६० नंतर. त्या वर्षी विद्याधर गोखल्यांचे ‘पंडितराज जगन्नाथ’ भालचंद्र पेंढारकरांच्या ‘ललितकलादर्श’ने रंगभूमीवर आणले. शाहजहानच्या दरबारातील संस्कृत कवीच नायक असल्यामुळे त्याच्या तोंडी पद येणे ओढूनताणून वाटत नव्हते. संगीत वसंत देसायांचे होते आणि देसाई ‘प्रभात’मध्ये घडलेले, ज्या बोलपटाने रंगभूमीचा श्रोता नेला होता, त्यानेच घडवलेला संगीतकार तिच्या मदतीला आला. १९६३ च्या ‘मंदारमाला’त संगीतकार आणि गायक नट म्हणून राम मराठ्यांनी जुगलबंदीचे प्रसंग रंगवले. गोखल्यांची भाषा भरजरी आहे, त्यांच्या नाट्यरचनेत जुन्या वळणाचा मोह दिसतो, पण त्यांनी आत्मविश्वास परत आणला, आणि तो परतल्याशिवाय पुढचे काही घडले नसते.

पुढचे घडवले जितेंद्र अभिषेकींनी. गोव्यातील मंगेशीच्या देवळात कीर्तन ऐकत वाढलेले आणि नंतर आग्रा घराण्याची तालीम घेतलेले अभिषेकी १९६४ मध्ये गोवा हिंदू असोसिएशनच्या ‘मत्स्यगंधा’चे संगीतकार झाले. वसंत कानेटकरांच्या या नाटकात रामदास कामत आणि आशालता या दोन्ही गोमंतकीय गायक कलावंतांनी पदे म्हटली. तयार चालीत शब्द बसवण्याची जुनी रीत येथे उलटली: आधी प्रसंग आणि पात्राची मनःस्थिती, मग शब्द, मग त्यांना शोभेल असा राग. पदे आटोपशीर झाली, तरीही गायकाला उपज करण्यास, म्हणजे ऐन वेळी सुचलेल्या स्वरांनी पद फुलवण्यास, वाव उरला.

१९६७ च्या जुलैत बालगंधर्व निवर्तले आणि त्याच डिसेंबरात पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ ‘नाट्यसंपदा’ने रंगभूमीवर आणले. येथे गाणे नाटकात आलेले नाही; गाणे हाच नाटकाचा विषय आहे. राजगायकाला मानाची कट्यार मिळते आणि तिच्यासोबत एक खून माफ असतो. राजगायकाचा हा मान पंडितजींकडून त्यांचे प्रतिस्पर्धी गायक खाँसाहेब यांच्याकडे जातो, आणि पंडितजींचा शिष्य सदाशिव खाँसाहेबांची विद्या चोरून ऐकून आत्मसात करू पाहतो. अभिषेकींनी एकच पद दोन चालींत बांधले, एक पंडितजींच्या घराण्याची, दुसरी खाँसाहेबांची. शब्द तेच, पण पहिलीत ठाय, प्रसन्न संयम, तर दुसरीत झेप, आक्रमक तान आणि लयीशी चाललेली झुंज. संवादांची पाने खर्चूनही जो भेद प्रेक्षकाच्या गळी उतरला नसता, तो दोन चालींनी काही मिनिटांत उतरवला, आणि हे बळ संगीत नाटकाने पूर्वी क्वचितच दाखवले होते. खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांड्यांची होती. लष्करी हिशेब खात्यात अनेक वर्षे नोकरी केलेल्या आणि कोणत्याही एका घराण्याच्या चौकटीत न बसणाऱ्या या गायकाला आपल्या गायकीइतकेच मोठे पात्र चाळिशी उलटल्यावर मिळाले.

हा बहर अखंड राहिला नाही. संगीताला कथेचा कणा मानणारी दुसरी वाट १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ने घेतली, तेथे भास्कर चंदावरकरांनी कीर्तन, लावणी आणि दशावतार यांच्याकडे नव्याने वळून गाणे एका नटाच्या गळ्यातून काढले आणि रांगेने उभ्या असलेल्या समूहाच्या तोंडी दिले.