औषधाइतकाच आधार: मावळातील माता-पिता आणि बालकर्करोगाचा उपचार

शिवकाळात हिरडस मावळ व गुंजण मावळ या नावांनी ओळखला जाणारा मुलूख आजच्या भोर व वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांत मोडतो. आषाढात भातलावणी, दिवाळीच्या सुमारास कापणी आणि एरवी पुण्या-मुंबईस मजुरी, हा येथील अनेक कुटुंबांचा पिढीजात जीवनक्रम. अशा घरातील बालकास कर्करोग झाला की आई-वडिलांचा रोजगारही पणास लागतो.

एके काळी या रोगापुढे वैद्यकशास्त्र हतबल होते. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. त्यांच्या स्मृतीशी निगडित असलेले परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९४८ मध्ये बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी औषधाने बालकांचा रक्तकर्करोग काही काळ तरी मागे हटतो, हे दाखविले. १९८० च्या दशकात मुंबई, दिल्ली व चेन्नई येथील प्रमुख केंद्रांनी एकसमान उपचारपद्धती अंगीकारली आणि भारतीय बालकेही मोठ्या संख्येने बरी होऊ लागली.

परंतु हा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. आरंभीचे काही महिने रुग्णालयाजवळ राहणे भाग असते. कारण त्या काळात साधा तापही जिवावर बेतू शकतो. मग बहुधा आई बालकाजवळ राहते, वडील रोजंदारीसाठी परततात आणि धाकटी भावंडे आजीकडे अथवा मामाकडे जातात. लावणीचे दिवस चुकले तर वर्षाचे भात गेले. लावणीस गेले तर औषधाची पाळी चुकली! दुभती म्हैस विकली जाते, कर्ज वाढते. थोडी प्रकृती सुधारताच "आता बरे आहे" असे मानून उपचार अर्धवट सोडला जातो आणि दबलेला रोग पुन्हा उसळतो. असे बालक जाते ते औषधाच्या अभावी नव्हे, तर आधाराच्या अभावी.

पूर्वी हा आधार गिरणगावात मिळे. परळ-लालबागच्या चाळींतील गावकीच्या खोल्यांत गावाकडील रुग्णास पथारीपुरती जागा असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि तो आसराही आटला. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेने कर्करुग्णांना व त्यांच्या नातलगांना अल्प दरात निवारा दिला. २००६ मध्ये मुंबईत आरंभ झालेल्या सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सने कर्करुग्ण बालकासह आई-वडिलांची विनामूल्य राहण्याची सोय केली. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू होऊन पुढे राज्यभर विस्तारलेल्या, आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणाऱ्या शासकीय योजनेने उपचारखर्चाचा भार हलका केला. तथापि बुडालेली मजुरी आणि पडीक राहिलेले खाचर यांची भरपाई अशा योजनेतून होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये संकल्प केला, की २०३० पर्यंत जगातील किमान ६० टक्के कर्करुग्ण बालके वाचावीत. आपल्या मुलखात तो सिद्धीस जाण्याची वाट जुनीच आहे. अडलेल्या शेतकऱ्याचे शेत सर्वांनी मिळून करून देण्याच्या प्रथेस आपल्याकडे इर्जिक म्हणतात. परगावी बालकाच्या उशाशी बसलेल्या माता-पित्यांचे खाचर गावाने लावून द्यावे, गोठा सांभाळावा, मागे राहिलेल्या भावंडांची शाळा चुकू देऊ नये. औषध वैद्य देतील. इर्जिक मात्र समाजानेच घालावयाची आहे.