सावड : एक बैल, दोन घरे आणि वाफशाचे चार दिवस

१/२०
पिंपळे सौदागर हे नाव आज उच्चारले की उंच इमारती आणि आयटी कंपन्यांकडे निघालेल्या वाहनांच्या रांगा डोळ्यांसमोर येतात. एका गाडीने चौघांनी जावे, रिकामी आसने वाया जाऊ नयेत, हा विचार तिथल्या रहिवाशांना नवा नाही. मात्र पडून असलेली वस्तू वाटून वापरण्याचा प्रश्न या परिसरात मोटारीच्याही आधी येऊन गेला होता. तेव्हा तो बैलाचा प्रश्न होता.

२/२०
डॉ. हॅरल्ड मॅन हे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य. पवनाकाठच्या या गावाची त्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली आणि तिचा वृत्तान्त १९१७ साली प्रसिद्ध झाला. भारतातील खेड्यांच्या आर्थिक पाहण्यांत तो आरंभीचा मानला जातो. त्यातील एक आकडा पुढे सर्वत्र उद्धृत झाला. १७७१ साली या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती.

३/२०
या आकड्याकडे बैलाच्या बाजूने पाहावे. ४० एकरांच्या शेतात एकाहून अधिक जोड्यांना काम मिळे. ७ एकरांच्या कोरडवाहू शेतात एका जोडीलाही वर्षभर काम उरत नाही. नांगरट, कुळवणी, पेरणी, कोळपणी, मळणी आणि थोडी वाहतूक एवढे झाले की जोडी दावणीला बांधलेली. वैरण मात्र वर्षाचे ३६५ दिवस लागते. आजच्या भाषेत सांगायचे तर बैल ही शेतकऱ्याची सर्वांत महाग आणि सर्वाधिक काळ पडून राहणारी मालमत्ता होती.

४/२०
गंमत अशी की हीच जोडी ऐन कामाच्या दिवशी अपुरी पडे. दख्खनच्या काळ्या, चिवट जमिनीत लाकडी नांगर खोल घालायचा तर दोन बैलांनी भागत नसे. चार, सहा, कधी आठ बैल जुंपावे लागत. म्हणजे वर्षातील बहुतेक दिवस एक जोडी जास्त होती आणि नांगरटीच्या दिवशी कमी. एकट्या घराने ही कोंडी फोडणे शक्य नव्हते. तिच्यावर गावांनी काढलेल्या तोडग्याचे नाव ‘सावड’.

५/२०
सावड म्हणजे कामाची परतफेड कामाने. तुझी जोडी आज माझ्या शेतात, माझी उद्या तुझ्या शेतात. ज्याच्याकडे एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्याशी जोड जमवी आणि दोन अर्ध्या संसारांची मिळून एक पूर्ण जोडी उभी राही. याच व्यवहाराला काही भागांत ‘पैरा’ म्हणतात, काही भागांत ‘वारंगुळा’. नावे बदलतात, क्रियापद सर्वत्र तेच : सावड ‘फेडायची’ असते. कर्जाला लावायचे क्रियापद इथे श्रमाला लागते.

६/२०
हा हिशोब वहीत नसे, तरी तो काटेकोर असे. बैलाच्या दिवसाला बैलाचा दिवस. ज्याच्याकडे बैलच नाही, त्याने बैलजोडीच्या एका दिवसापोटी हाताने किती दिवस राबायचे, हे त्या त्या गावच्या रिवाजाने ठरे. बायकांची सावड वेगळी चाले : आज हिच्या शेतात खुरपणी, उद्या तिच्या. मावळात आणि कोकणात भातलावणी अशीच आळीपाळीने उरके. पैशाचा व्यवहार नव्हता, याचा अर्थ हिशोब नव्हता असा मुळीच नाही.

७/२०
सावडीशेजारीच ‘इर्जिक’ होती, पण दोहोंत फरक आहे. सावड दोन-चार घरांतील चालता व्यवहार. इर्जिक म्हणजे एकाच्या हाकेला गावाने ओ देणे. कुणाचा बैल मेला, कुणाचा धनी आजारी पडला, कुणाचे शेत मागे राहिले की तो इर्जिक घाली. ठरल्या दिवशी गावातील नांगर आणि जोड्या एका शेतात उतरत. संध्याकाळी यजमानाने सर्वांना जेवू घालायचे. त्या जेवणाने त्या दिवसाचा हिशोब बराचसा मिटे. उरलेला भाग माणुसकीच्या खात्यावर राही.

८/२०
अनेक माणसे एकाच शेतात एका वेळी राबू लागली की कामाला ताल लागतो. कापणीच्या, मळणीच्या वेळी एकाने म्हणायची आणि इतरांनी उचलायची ‘भलरी’ ही गाणी या सामूहिक श्रमातूनच आली. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगराळ पट्ट्यात आदिवासी शेतकऱ्यांची ‘पडकई’ हीदेखील याच कुळातील रीत. उतारावर बांध घालून भातखाचर काढणे एका घराच्या आवाक्यातले नसते. म्हणून सर्वांनी मिळून आज एकाचे खाचर काढायचे, मग पुढच्याचे.

९/२०
विहिरीचे गणित आणखी बारीक होते. वाटणीत जमीन तुकड्यांत मोडता येते, विहीर मोडता येत नाही. म्हणून भावकीच्या विहिरीवर पाण्याऐवजी वेळ वाटून घेत. कुणाची मोट कोणत्या दिवशी आणि किती वेळ चालायची, याच्या ‘पाळ्या’ ठरत. धनी बदलला तरी पाळी कायम राही. आजही सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात सामाईक विहिरीतील हिस्सा नोंदलेला आढळतो. एका वस्तूचे अनेक धनी, पण वापरणारा एका वेळी एकच, हे तत्त्व तिथे कागदावर उतरले आहे.

१०/२०
इथपर्यंतचे चित्र रम्य आहे, आणि बहुतेक आठवणी इथेच थांबतात. इतिहासाने मात्र एक अडचणीचा प्रश्न विचारायला हवा. वस्तू वर्षभर रिकामी असते हे खरे. पण ज्या दिवशी ती लागते, त्या दिवशी ती सर्वांनाच लागत असेल तर? घरोघरची मोठी पातेली लग्नासाठी मागून आणता येतात, कारण सगळ्यांच्या घरी एकाच दिवशी लग्न नसते. पाऊस मात्र सगळ्यांच्या शेतात एकाच दिवशी पडतो.

११/२०
उन्हाळी नांगरटीला आठवड्यांची सवड असते. तिथे सावड सुखाने चाले. पेरणीला ती नसते. मृगाचा पाऊस पडून गेला की जमीन आधी चिखलट असते. मग ओल आणि हवा यांचा मेळ बसतो, त्या अवस्थेला ‘वाफसा’ म्हणतात. तो थोडेच दिवस टिकतो. त्या अवधीत तिफण चालली तर बी उगवते. अवधी टळला तर ओल उडते, पेरा साधत नाही किंवा मागास होऊन उतारा घटतो. अवघ्या गावाला बैल हवे असत ते नेमके याच चार दिवसांत.

१२/२०
मग आधी कुणाची पेरणी? उत्तर कुठे लिहिलेले नव्हते, पण सर्वांना ठाऊक होते. ज्याचे बैल त्याची पेरणी पहिली. त्यानंतर बरोबरीचा सावडकरी. त्यानंतर एकबैल्या. ज्याच्याकडे केवळ दोन हात, त्याच्या शेतात तिफण सर्वांत शेवटी पोचणार. पुढचा पाऊस लवकर आला तर त्याचेही निभावे. पावसाने ओढ दिली तर तोच बुडे. गावातील विषमता जमिनीच्या एकरांत मोजता येते, तशीच ती पेरणीच्या तारखांतही मोजता येते.

१३/२०
एकोणिसाव्या शतकात ही ओढाताण वाढली. १८७६-७८ च्या आणि पुन्हा १८९६ ते १९०० च्या दुष्काळांत वैरणीअभावी जनावरे मोठ्या संख्येने मेली. त्याआधीच चराईच्या जागा आटू लागल्या होत्या. जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याने गुरांच्या चराईची राने आपल्या ताब्यात घेतल्याची कडवी तक्रार आहे. गायरान गेले की बैल बाळगणे महाग होते, आणि बैल महाग झाला की तो वाटून वापरण्यावाचून गत्यंतर नसते. सावड ही संस्कृती होती, तशीच ती टंचाईची उपजही होती.

१४/२०
सावडीला पर्याय होता तो सावकाराचा. १८८४ च्या कायद्यानुसार बैल आणि बियाण्यासाठी सरकारी तगाई मिळू शकत असे, १९०४ पासून सहकारी पतसंस्थांची वाटही खुली झाली. तरीही अनेक लहान शेतकऱ्यांच्या वाट्याला तिसराच मार्ग येई : व्याजाने पैसे काढून बैल घ्यायचा आणि एखाद्या दुष्काळात बैल गमावून व्याज फेडत बसायचे. शेजाऱ्याची सावड अंगावर येई ती घामाच्या रूपाने. म्हणून ती केवळ प्रेमापोटी टिकली नाही, सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणूनही टिकली.

१५/२०
यंत्र आल्याने हा प्रश्न सुटला नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर घडवला आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवून त्याचे उत्पादन वाढवले. लाकडी नांगर गावच्या सुताराकडून बलुत्यावर मिळे, लोखंडी नांगराला रोख पैसा लागे. तो ओढायला बैल पूर्वीसारखेच हवे होते. अवजार सुधारले की ते महाग होते, आणि महाग झाले की एकट्याने बाळगणे परवडत नाही. वाटून वापरण्याची गरज अशी पुन्हा जुन्याच उंबरठ्यावर येते.

१६/२०
याहून कठीण प्रश्न वेगळाच आहे : सावडीत कोण होते? सावड बरोबरीच्यांत जमते, कारण परतफेडीला काहीतरी असावे लागते. ज्यांच्याकडे जमीन नाही किंवा वतनाचे तुकड्या-तुकड्यांत विभागलेले रान आहे, त्यांच्याजवळ द्यायला हातच काय ते होते, आणि गावकी ते हात वतनाच्या नावाखाली आधीच राबवून घेत होती. ज्याच्याकडून श्रम हक्काने घेता येतात, त्याच्याशी सावड कोण करील? भावकी, आळी आणि जात यांच्या कुंपणातच हे सहकार्य फुलले.

१७/२०
हे कुंपण सर्वांत उघडे दिसे ते पाण्याशी. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळ्यापुरता तसा ठरावही केला, पण तो कागदावरच राहिला. तळ्यावर गुरे पाणी पीत होती, अस्पृश्य माणसांना मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांसह ते पाणी प्राशन केले. त्या हक्कावर उच्च न्यायालयाची मोहोर उमटायला मार्च १९३७ उजाडावा लागला.

१८/२०
या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की सावडीचे मर्म कळते. ती लिखापढीविना चाले, कारण सगळे एकमेकांना ओळखत होते. फेड चुकवणाऱ्याला पुढच्या मृगात कुणी उभे करणार नाही, हाच तिचा जामीन. पण ही ओळख ज्या भावकीतून आणि जातीतून येई, त्याच भावकीने व जातीने इतरांना बाहेर ठेवले. विश्वास आणि मज्जाव यांचे मूळ एकच होते. जुन्या गावाचे गुणगान करताना यातले एकच पान उलटले जाते.

१९/२०
१९७० नंतरच्या दशकांत ट्रॅक्टर आला आणि सावड विरळ झाली. दिवसांचे काम तासांत होऊ लागले आणि परतफेड रोख झाली. ट्रॅक्टरवाला जात विचारत नाही, दर सांगतो. ही मोकळीक लहान नव्हे. मात्र पैसे नसलेल्याला हाताने फेड करण्याची जी वाट होती, ती बुजली. याच काळात पाश्चात्त्य अभ्यासकांना वाटून वापरण्यात नव्याने रस वाटू लागला. मार्कस फेल्सन आणि जो स्पेथ यांनी १९७८ साली सामूहिक उपभोगाची कल्पना मांडली. २००८ साली एअरबीएनबी आणि २००९ साली उबर सुरू झाली आणि ‘शेअरिंग इकॉनॉमी’ हा शब्द सर्वतोमुखी झाला.

२०/२०
अनोळखी माणसावर विश्वास कसा ठेवावा, याचे उत्तर ॲपने गुणांकनातून दिले. वाफशाचा प्रश्न मात्र तसाच आहे. धो धो पावसात सगळ्यांना एकाच वेळी गाडी हवी असते आणि दर चढतात. २०१४-१५ पासून केंद्राच्या यांत्रिकीकरण अभियानातून गावोगावी उभ्या राहिलेल्या अवजार बँकांनाही पेरणीच्या आठवड्यात हाच प्रश्न पडतो : आधी कुणाचे शेत? वाटून घेण्याची कोणतीही व्यवस्था पारखायची असेल तर ती सुगीनंतरच्या रिकाम्या दिवसांत पाहू नये. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर, वाफशाच्या चौथ्या दिवशी, सर्वांत शेवटच्या शेताच्या बांधावर उभे राहून पाहावी.