वेताळाचा परकायाप्रवेश

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्हीं कांहीं दिवस मनोरीस काढले. मार्व्याच्या धक्क्यावरून होडीनें खाडी ओलांडली कीं थोड्याच वेळांत मुंबई मागें राहते आणि नारळी, क्रूस, बोंबील वाळत घातलेले बांबूचे मांडव असें एक निराळेंच गांव समोर येतें. तेथें आमच्या एका स्नेह्यांचें कौलारू घर आहे. तीस वर्षांपूर्वीं आम्ही त्या घरीं वरचेवर राहत असूं, आणि त्या वेळच्या आमच्या कांहीं पेट्या माळ्यावर तशाच पडून होत्या. यंदा कौलें उतरवावयाची म्हणून माळा रिकामा करावा लागला, तेव्हां बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यांत जुन्या फ्लॉप्यांचा गठ्ठा निघाला. डबा खाऱ्या हवेनें गंजून गेला होता. फ्लॉप्यांवरच्या चिठ्ठ्यांवर आमच्याच हातचें अक्षर होतें, आणि त्यांपैकीं कांहींवर एकच शब्द लिहिलेला होता : 'ब्लडनेट'.

आमच्या बहुतेक वाचकांस हें नांव अपरिचित असेल. ब्लडनेट हा संगणकावर खेळावयाचा एक खेळ. अमेरिकेंतील मायक्रोप्रोज ह्या कंपनीनें तो १९९३ सालीं प्रसिद्ध केला. १९८२ सालीं स्थापन झालेली ही कंपनी विमानांच्या खेळांसाठीं आणि १९९१ नंतर 'सिव्हिलायझेशन' ह्या राज्यविस्ताराच्या खेळासाठीं नांवाजलेली होती. भुताखेतांशीं तिचा संबंध यावा हेंच नवल. आम्ही त्या वेळीं नुकतेच अध्यापक झालों होतों. एका मित्राकडे संगणक होता. त्यावर रात्रीं हा खेळ खेळावा आणि सकाळीं वर्गांत उत्तर पेशवाई शिकवावी, असा आमचा क्रम कांहीं महिने चालला. विद्यार्थ्यांपुढें त्याचा उच्चार करण्याची आमची छाती झाली नाहीं. डब्यांतील फ्लॉप्या ह्या त्या मित्राच्या फ्लॉप्यांच्या नकला. त्यालाहि त्या कोणाकडून तरी नकलून मिळाल्या होत्या. विकत घेतलेली प्रत आम्हीं कधीं डोळ्यांनीं पाहिली नाहीं, हें आतां कबूल करण्यास हरकत नाहीं.

कथानक २०९४ सालच्या मॅनहॅटन बेटावरचें. नायक रॅन्सम स्टार्क हा संगणकांच्या जाळ्यांत चोरवाटांनीं शिरून पोट भरणारा गडी. जाळ्यांतलें जग कोणतें आणि खरें कोणतें हें उमगेनासें होण्याचा एक रोग त्यास जडलेला, व त्यावर उपाय म्हणून त्याच्या मेंदूंत एक यंत्र बसविलेलें आहे. आरंभींच एक रक्तपिपासू त्याच्या मानेस दांत लावतो. यंत्रामुळें विष पुरतें भिनत नाहीं. स्टार्क धड माणूसहि राहत नाहीं आणि धड पिशाच्चहि होत नाहीं. येथून खेळणाराची सत्त्वपरीक्षा सुरू होते. भूक वाढत जाते. ती भागवावी तर कोणाचें तरी रक्त प्यावें लागतें. निरपराध्याचें प्यालें कीं माणुसकीचा आंकडा उतरतो, आणि तो संपला कीं नायक कायमचा त्या पंगतींत जाऊन बसतो. चित्रगुप्ताची वही उघडी ठेवून कोणी आपणांस वाट चालावयास लावावें, तसा हा प्रकार आहे.

दंश करणारा कोण, हें कळल्यावर इंग्रजी वाङ्मयाचा वाचक दचकेल. तो अब्राहम व्हॅन हेल्सिंग. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला' कादंबरींत पिशाच्चाचा पिच्छा पुरविणारा तोच वृद्ध डच विद्वान. ह्या खेळांत तो स्वतःच रक्तपिपासू झालेला आणि एका बलाढ्य कंपनीचा धनी झालेला आहे. आम्ही स्वतः प्राध्यापक असल्यामुळें त्याची ही बढती आम्हांस विशेष मार्मिक वाटली.

येथें थोडें विषयांतर करतों. पाश्चात्त्य वाङ्मयांतील हा सभ्य, सरदारी थाटाचा रक्तपिपासू फार जुना नाहीं. बायरनचा वैद्य पॉलिडोरी ह्याच्या १८१९ सालच्या कथेपासून तो रुळला. आपल्याकडे त्याचा जोडीदार म्हणून लोक वेताळाकडे बोट दाखवितात. ह्या गैरसमजास बराचसा कारण रिचर्ड बर्टन, ज्यानें १८७० सालीं वेताळाच्या कांहीं गोष्टी 'विक्रम आणि व्हँपायर' ह्या नांवाखालीं इंग्रजींत उतरविल्या. वास्तविक वेताळ रक्ताला तोंड लावीत नाहीं. अकराव्या शतकांतील सोमदेवाच्या कथासरित्सागरांत पाहा किंवा सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांनीं १८३० सालीं मराठींत आणलेल्या वेताळपंचविशींत पाहा, तो प्रेतांत शिरतो, गोष्ट सांगतो आणि राजास पेंचांत टाकणारा प्रश्न विचारतो. कोंकणांत तर तो गांवाचा राखणदारच आहे. वेंगुर्ल्याजवळ आरवली येथें वेतोबास मोठमोठे चामड्याचे जोडे वाहतात, कां तर रात्रीं सीमेवर फिरून त्याच्या पायांतले झिजतात. रक्त पिणारा परका सरदार मराठी वाचकांच्या घरांत नीट शिरला तो पुष्कळ उशिरां, नारायण धारपांच्या 'लुचाई'सारख्या कादंबरीच्या हातास धरून.

ब्लडनेटमध्यें ह्या सरदारास नवा वाडा मिळाला, तो कंपनीचा. विल्यम गिब्सनची 'न्यूरोमॅन्सर' कादंबरी १८८४ची नव्हे, १९८४ची, हें मुद्दाम सांगावेंसें वाटतें. कारण तिच्या पोटांतली भीति एकोणिसाव्या शतकांतल्या गिरणीच्या भीतीची नात शोभावी अशी आहे. यंत्र घरांत आलें, मग अंगांत आलें, शेवटीं डोक्यांत बसलें, आणि त्याची मालकी आपली नाहीं. ह्या पंथाच्या लेखनास 'सायबरपंक' म्हणतात. त्यांतली कंपनी आणि जुन्या कथांतला रक्तपिपासू ह्यांस एकाच खुर्चीवर बसविणें, ही कल्पना त्या खेळाच्या कर्त्यांची. आणि ती नुसती चमत्कृति नव्हे. दोघेहि आमंत्रणावांचून उंबरठा ओलांडीत नाहींत, हा जुना संकेत आठवा. दार आपणच उघडतों. गंमत अशी कीं हा खेळ आम्ही मुंबईंत खेळत होतों तेव्हां सर्वसामान्य माणसास इंटरनेट मिळतच नव्हतें. तें १९९५ सालच्या १५ ऑगस्टपासून विदेश संचार निगमानें सुरू केलें. जाळें येण्यापूर्वींच जाळ्याचा रोग आमच्या कानीं आला होता, आणि आम्हीं त्यास कविकल्पना समजून सोडून दिलें.

खेळ निर्दोष होता असें मात्र कोणी समजूं नये. लढाईची मांडणी गचाळ, पात्रें अतोनात बोलकीं, आणि हातची एखादी वस्तु भलतीकडे घालविली तर पुढें वाटच खुंटावी, अशी रचना. आम्ही तेव्हां तो तडीस नेऊं शकलों नाहीं.

सुटी संपल्यावर डबा घेऊन आम्ही आमच्या एका माजी विद्यार्थ्याकडे गेलों. त्यानें फ्लॉप्या उजेडांत धरल्या आणि मान हालविली. आंतल्या तबकडीवर बुरशीचे पांढरे ठिपके होते. पण ब्लडनेटचें नांव वाचून तो हंसला आणि म्हणाला, "सर, ह्याच्यासाठीं फ्लॉपी कशाला हवी?" अर्ध्या तासांत खेळ त्याच्या संगणकावर सुरू झाला. तोच निळसर अंधार, तेच स्टार्कचें ओढलेलें तोंड. आम्हांस क्षणभर बोलवेना.

हें कसें घडलें तें सांगण्यासारखें आहे. असले खेळ डॉस नांवाच्या कार्यप्रणालीसाठीं लिहिलेले होते. २००१ सालीं विंडोज एक्सपी आली आणि घरोघरचा डॉसचा पाया सुटला. देह गेला, आत्मा लोंबकळत राहिला. पुढच्याच वर्षीं, २००२ मध्यें, कांहीं हौशी मंडळींनीं डॉसबॉक्स नांवाचा प्रोग्राम लोकांपुढें ठेवला. तो आजच्या यंत्राच्या पोटांत एका जुन्या यंत्राचें हुबेहूब सोंग आणतो : तोच मंद प्रोसेसर, तेंच ध्वनियंत्र. जुना प्रोग्राम त्या सोंगास आपला देह समजून जागा होतो. आपल्या पुराणिकांनीं ह्यास परकायाप्रवेशच म्हटलें असतें. मूळ धन्यांवर विसंबून हें झालें नसतें. मायक्रोप्रोज १९९३ सालींच स्पेक्ट्रम होलोबाइटच्या घरांत गेली, १९९८ सालीं हॅस्ब्रोच्या, आणि पुढें हॅस्ब्रोचा तो विभागच इन्फोग्रेम्सनें घेतला. असल्या हस्तांतरांत माळ्यावरची पेटी कोण उघडून पाहतो? २०२३ सालीं अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननें पाहणी केली, तींत २०१० पूर्वीं त्या देशांत प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ बाजारांत मिळत नाहींत असें आढळलें. जे राहिले त्यांतले पुष्कळ आमच्यासारख्या नकल करणारांच्या कपाटांमुळें राहिले. आपल्याकडे १९५४ सालच्या कायद्यान्वयें प्रकाशकानें पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयास द्यावी लागते; फ्लॉपी कोणी मागितली नाहीं.

वि. का. राजवाड्यांनीं गांवोगांव फिरून, वाण्याच्या दुकानीं पुड्यांना जाणारे रुमाल सोडवून आणले. १८९८ सालीं त्यांच्या 'साधनां'चा पहिला खंड निघाला; साष्टी-माहीमच्या ह्याच किनाऱ्याची हकीकत सांगणारी महिकावतीची बखर त्यांनीं १९२४ सालीं छापिली. तीं दप्तरें दोनशें वर्षें टिकलीं होतीं. आमचा डबा तीस वर्षें टिकला नाहीं.

आणि आतां जें सांगावयाचें तें सांगतों. डब्यांत ब्लडनेटखेरीज आणखी सहा फ्लॉप्या होत्या. १९९३-९४ सालीं आम्ही मनोरीस वरचेवर जात होतों तें केवळ समुद्राच्या हौसेनें नव्हे. तेथल्या व गोराईच्या म्हाताऱ्या कोळ्यांकडून आणि ईस्ट इंडियन बायकांकडून आम्ही शब्द टिपून घेत असूं : वाऱ्यांचीं नांवें, भरती-ओहोटीच्या घटका, डोल जाळ्याच्या एकेका भागाचें नांव, लग्नांत हळदीच्या वेळीं म्हणावयाचीं गाणीं. वह्यांतला मजकूर मित्राच्या संगणकावर देवनागरींत उतरवून काढला, आणि आतां कागद कशास, म्हणून वह्या रद्दींत दिल्या. तो देवनागरी ठसा त्या काळच्या असंख्य स्वयंभू ठशांपैकीं एक होता. युनिकोडनें १९९१ सालींच देवनागरीस सर्वमान्य आंकडे नेमून दिले होते, पण तें वर्तमान आमच्यापर्यंत पोंचलें नव्हतें. सहांपैकीं पांच फ्लॉप्या मुक्या निघाल्या. सहावी बोलली ती रोमन अक्षरें, स्वल्पविराम आणि डॉलरचीं चिन्हें ह्यांच्या भाषेंत. विद्यार्थ्यानें चार रात्री बसून अक्षराशीं अक्षर जुळविलें आणि अडीच पानें सोडविलीं. मॅनहॅटनच्या काल्पनिक पिशाच्चाचा शब्दन् शब्द जगांत कोणी ना कोणी जपून ठेवला होता. मनोरीच्या म्हाताऱ्यांचें बोलणें जपावयास एकटे आम्हीच होतों. तीं सारीं माणसें आतां नाहींत.

तीं अडीच पानें घेऊन आम्ही पावसाळ्यापूर्वीं पुन्हां खाडी उतरलों. ज्या आजीबाईंचीं तीं गाणीं, त्यांच्या सूनबाई आतां सत्तरीच्या आहेत. ओटीवर मासळीची टोपली बाजूस सारून त्या ऐकत बसल्या. दुसऱ्याच ओळीस त्यांनीं हात वर करून आम्हांस थांबविलें : शब्द चुकला होता. यंत्रानें चुकविला नव्हता. १९९४ सालीं आम्हींच तो चुकीचा ऐकला होता. त्यांनीं बरोबर शब्द तीनदां म्हणून दाखविला. आम्हीं पेन्सिलीनें तो कागदाच्या कडेस लिहिला आणि पुढची ओळ विचारली. ती त्यांस आठवेना. गोराईस दिलेल्या आपल्या धाकट्या जावेच्या मुलीस ती येते, ती रविवारीं मिस्सा आटोपून इकडे येणार आहे, तेव्हां वही घेऊन या, असें त्यांनीं सांगितलें.