परतीची गाडी किती वाजता?

आमचं कापडे पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. म्हणजे सुट्टी नावाची वस्तू जवळजवळ दोनशे वर्षं आमच्या दारावरून जाते आहे. उतरत मात्र नाही.

1828 च्या सुमाराला मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वर वसवायचं मनावर घेतलं. मग दर उन्हाळ्यात साहेबमंडळी मुंबईहून समुद्रमार्गे बाणकोटला, तिथून सावित्रीच्या खाडीनं महाडकडे आणि पुढं पालखीतून घाट चढत. चढत म्हणजे साहेब बसत, चढत भोई. सुट्टी एकाची, घाम दुसऱ्याचा! बुकिंगची कटकट नव्हती. खुद्द गव्हर्नर निघाले म्हटल्यावर त्यांना रांगेत कोण उभं करणार?

आमची माणसं मात्र उलटी, घाट सोडून खाली मुंबईच्या गिरण्यांत गेली. त्यांची सुट्टी म्हणजे शिमगा, मे महिना आणि गणपती. ठिकाण ठरवायला घरात चर्चा लागत नसे. ठिकाण एकच, गाव. 1 जून 1948 ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली आणि पुढं ती कोकणातही आली. तेव्हापासून आमच्या घराण्यात नियोजन म्हणजे एसटीची रांग. आमचे बाबा पहाटे रांगेत चप्पल ठेवून चहाला जात. चपलेवर त्यांचा माणसांपेक्षा जास्त विश्वास होता.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. "मिटेपर्यंत गावाला जाऊन येऊ," म्हणत बाबा आम्हाला घेऊन निघाले. मी दोन वर्षांचा, म्हणजे मोफत. त्या वेळी कुणी रजेचा अर्ज केला नाही, तरी रजा मंजूर झाली. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. बाबांनी भात लावलं, नाचणी लावली. आई म्हणायची, "संपत नाही ती कसली हो सुट्टी?"

आता मी मुंबईत बँकेत कारकुनी करतो. गावी यायचं तर वीर स्टेशनचं तिकीट काढायला सकाळी आठला घरातले सगळे मोबाइल घेऊन बसतो. 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी सुरू होतं. म्हणजे काळजीचे दिवस निम्मे झाले, वेटिंग लिस्ट होती तेवढीच राहिली.

गेल्या मे महिन्यात मी ठरवलं, या खेपेला आईबाबांना महाबळेश्वर दाखवायचंच. हिशेब मांडला. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी 2022 पासून मोफत, बायकांना 2023 पासून अर्धं भाडं. म्हणजे बाबा फुकट, आई अर्धी, बायको अर्धी, पूर्ण माणूस घरात मी एकटाच! आयुष्यात पहिल्यांदा ताळेबंद जुळला.

बाबा म्हणाले, "महाबळेश्वरला आपलं कोण आहे?"

"कुणी नाही, बाबा. म्हणूनच सुट्टी."

ते पटलं नाही, पण आले. वर गार वारा होता, आईनं स्ट्रॉबेरी खाल्ली आणि आंबट म्हणून मला दिली. बाबा मात्र उतरल्या उतरल्या तडक चौकशीच्या खिडकीशी गेले.

"अहो, आत्ता तर आलोय!" आई म्हणाली.

"परतीची गाडी आधी विचारून ठेवावी," बाबा म्हणाले. "ब्याऐंशीला विचारली नव्हती."