ल्यूथरन चर्चमधील विभाजने : समलैंगिकतेविषयक वाद

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) याच्या धर्मसुधारणेतून जी चर्च उदयास आली, त्यांच्यात विसाव्या शतकाच्या अखेरीपासून समलैंगिकतेच्या प्रश्नावरून तीव्र मतभेद झाले व काही ठिकाणी फूट पडली. समलिंगी सहजीवन जगणाऱ्या व्यक्तीस पाळकदीक्षा द्यावी काय आणि अशा सहजीवनास चर्चने विवाह म्हणून मान्यता द्यावी काय, हे वादाचे दोन मुख्य मुद्दे होत. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, स्वीडन, इथिओपिया आणि टांझानिया ही त्याची प्रमुख क्षेत्रे. भारतातील ल्यूथरन चर्चचा यात प्रत्यक्ष सहभाग अल्प असला, तरी ज्या मिशनांनी ती स्थापन केली त्यांच्याच मातृसंस्था या वादात परस्परांविरुद्ध उभ्या राहिल्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

ल्यूथरन परंपरेत पोपसारखा सर्वोच्च अधिकारी नाही. पवित्र शास्त्र हे अंतिम प्रमाण आणि १५८० मध्ये संकलित झालेला ‘ऐक्यग्रंथ’ ही त्याची मान्य व्याख्या, अशी तिची बैठक आहे. या ग्रंथातील प्रमुख लेख म्हणजे १५३० चा आउग्सबुर्ग येथील मतांगीकार. त्याच्या सातव्या कलमानुसार चर्चच्या ऐक्यास शुभवर्तमानाची शिकवण आणि साक्रामेंतांचे योग्य अनुष्ठान यांविषयी एकमत पुरेसे असते. मनुष्यांनी घालून दिलेले विधी सर्वत्र सारखेच असावेत, असे नाही. साऱ्या वादाची किल्ली या कलमात आहे. लैंगिक नीती ही शुभवर्तमानाच्या गाभ्यातील बाब मानली, तर मतभेद होताच सहभागिता तुटते. ती गाभ्याबाहेरची मानली, तर मतभेदासह एकत्र राहता येते. दोन्ही पक्ष याच कलमाचा आधार घेत आले. विवाहाच्या बाबतीतही ल्यूथरचा वारसा दुहेरी आहे. विवाह हा साक्रामेंत नसून ऐहिक व्यवस्थेतील बाब होय, असे त्याने प्रतिपादिले. त्याच वेळी तो स्त्री-पुरुषांसाठी ईश्वराने स्थापिलेला आश्रम आहे, असेही त्याने आग्रहाने सांगितले. सुधारणावाद्यांनी पहिल्या विधानावर भर दिला, परंपरावाद्यांनी दुसऱ्यावर.

शास्त्रवचनांच्या अर्थाविषयीचा वाद प्रामुख्याने लेवीय (१८ व २० हे अध्याय), रोमकरांस पत्र (अध्याय १) आणि करिंथकरांस पहिले पत्र (६ : ९) यांभोवती फिरतो. यांपैकी शेवटच्या वचनातील एक ग्रीक शब्द दुर्मिळ असून त्याचा अर्थ संदर्भावरूनच ठरवावा लागतो. ल्यूथरने आपल्या जर्मन भाषांतरात तेथे ‘मुलग्यांना भ्रष्ट करणारा’ अशा अर्थाचा शब्द योजिला. ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द मुळात १८६९ मध्ये जर्मन लेखनात प्रथम छापला गेला आणि इंग्रजी बायबलच्या एका प्रमुख भाषांतरात तो १९४६ मध्ये आला. आधुनिक काळातील परस्परनिष्ठ सहजीवन प्राचीन लेखकांच्या डोळ्यांसमोर नव्हते, असे एका पक्षाचे म्हणणे. रोमकरांस पत्रातील विधान व्यापक असून ते एका शब्दाच्या अर्थावर अवलंबून नाही, असे दुसऱ्याचे. दुसऱ्या पक्षाचा हा मुद्दा भाषिक दृष्ट्या बळकट आहे. तथापि त्यावरून आजच्या व्यवस्थेसाठी कोणता नियम निघतो, हा प्रश्न केवळ भाषाशास्त्राने सुटत नाही.

अमेरिकेत या वादाची तालीम अन्य विषयावर आधीच झाली होती. १८४७ मध्ये स्थापन झालेल्या मिसूरी सिनडमध्ये बायबलच्या चिकित्सक अभ्यासावरून संघर्ष पेटला आणि १९७४ मध्ये सेंट लूइस येथील धर्मविद्यालयातील बहुसंख्य अध्यापक व विद्यार्थी बाहेर पडले. त्यातून १९७६ मध्ये एक लहानसे चर्च निर्माण झाले. हे चर्च आणि अन्य दोन मोठी चर्च यांच्या विलीनीकरणातून १ जानेवारी १९८८ रोजी ‘ईव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च इन अमेरिका’ हे देशातील सर्वांत मोठे ल्यूथरन चर्च कार्यान्वित झाले. समलिंगी प्रवृत्तीच्या पाळकांनी ब्रह्मचर्य पाळावे, असा त्याचा नियम होता. जानेवारी १९९० मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथील दोन मंडळ्यांनी हा नियम मोडून तिघांना पाळकदीक्षा दिली. मंडळ्यांना प्रथम निलंबित करण्यात आले आणि १९९५ च्या अखेरीस त्यांना चर्चमधून काढून टाकण्यात आले. लैंगिक नीतीविषयी १९९३ मध्ये प्रसृत केलेल्या मसुद्यावर एवढा गदारोळ झाला, की तो पुढे नेताच आला नाही. अखेर २००१ च्या महासभेने दीर्घ अभ्यासाचा निर्णय घेतला.

हा अभ्यास ऑगस्ट २००९ मध्ये मिनीॲपोलिस येथील महासभेपुढे आला. सामाजिक निवेदनास दोनतृतीयांश मतांची अट होती. १९ ऑगस्ट रोजी झालेल्या मतदानात अनुकूल ६७६ आणि प्रतिकूल ३३८ मते पडली. म्हणजे एकूण १,०१४ मतांच्या नेमक्या दोनतृतीयांश. अनुकूलांपैकी एकानेही मत फिरविले असते, तर ठराव फेटाळला गेला असता. त्याच दिवशी शहरावरून गेलेल्या चक्रीवादळात जवळच्या एका ल्यूथरन चर्चच्या शिखराची हानी झाली. ही घटना म्हणजे ईश्वरी संकेत होय, असे काहींनी म्हटले. अशा संकेतांचा अर्थ ज्याला जसा हवा तसा लागतो, हे धर्मेतिहासाच्या अभ्यासकास नवे नाही. दोन दिवसांनी, साध्या बहुमताने (५५९ विरुद्ध ४५१), आजीवन एकनिष्ठ समलिंगी संबंधात असलेल्यांना पाळकपद खुले करण्यात आले.

निवेदनातील लक्षणीय कल्पना ‘बद्ध सदसद्विवेकबुद्धी’ची होती. १५२१ मध्ये व्होर्म्स येथे सम्राटापुढे उभे राहून ल्यूथरने आपली सदसद्विवेकबुद्धी देववचनाने बांधलेली असल्याचे सांगितले होते. त्या प्रसंगाचा आधार घेऊन, या प्रश्नावर परस्परविरोधी अशा चार भूमिका प्रामाणिकपणे धारण करता येतात आणि चर्चने त्या चारींचा आदर करावा, असे निवेदनात म्हटले होते. टीकाकारांचा आक्षेप मार्मिक होता : ल्यूथरची बुद्धी शास्त्राने बांधलेली होती, येथे मात्र ज्याची त्याची खात्री हेच बंधन मानले गेले. समर्थकांचे उत्तर असे, की शास्त्राचा अर्थ लावणारी बुद्धी अखेर ज्याची त्याचीच असते आणि एकाने दुसऱ्यावर ती लादू नये, हेच तर ल्यूथरने शिकविले. या कल्पनेमुळे काही वर्षे अनेक मंडळ्या एकत्र राहिल्या, हे तिचे यश मान्य करावे लागते.

सर्वच राहिल्या नाहीत. घटनेनुसार बाहेर पडू इच्छिणाऱ्या मंडळीस किमान नव्वद दिवसांच्या अंतराने दोनदा मतदान घ्यावे लागे आणि दोन्ही वेळा दोनतृतीयांश बहुमत आवश्यक असे. त्यामुळे निर्णय झटपट होत नसे. गावोगावच्या मंडळ्यांत महिनोन्‌महिने सभा चालत आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच बाकावर बसलेली कुटुंबे विभागली जात. इमारत व दफनभूमी कोणाकडे राहणार हा प्रश्नही होताच. अन्य ल्यूथरन संघटनेत जाणारी मंडळी सामान्यतः मालमत्ता राखू शके. परंतु पूर्वीच्या एका घटक चर्चमधून आलेल्या मंडळ्यांना त्यासाठी सिनडची संमती लागत असे. २००९ नंतरच्या दोनतीन वर्षांत सुमारे सहाशे मंडळ्या बाहेर पडल्या. त्यांपैकी काहींनी ऑगस्ट २०१० मध्ये ओहायओ राज्यात ‘नॉर्थ अमेरिकन ल्यूथरन चर्च’ स्थापन केले. अन्य कित्येक २००१ पासून अस्तित्वात असलेल्या एका शिथिल संघात गेल्या. हा संघ मुळात निर्माण झाला तो एपिस्कोपल चर्चशी झालेल्या करारातील बिशपपदाविषयीच्या अटींना विरोध म्हणून. म्हणजे असंतोष आधीचा होता व लैंगिकतेच्या प्रश्नाने त्याला वाट मिळाली, असे निदान या मंडळ्यांबाबत म्हणता येईल. २०१३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात गाय अर्विन हे या चर्चचे पहिले उघडपणे समलिंगी बिशप निवडले गेले. २०२२ च्या महासभेने २००९ च्या निवेदनाच्या फेरविचारास चालना दिली आणि ‘बद्ध सदसद्विवेकबुद्धी’ची तरतूदही त्या कक्षेत आली. सभासदसंख्या २००९ मधील सुमारे ४५ लाखांवरून २०२३ पर्यंत २७ लाखांच्या आसपास आली. परंतु ही घट मुख्यत्वे वृद्धत्व व धर्मनिरपेक्षीकरण यांमुळे झालेली आहे, सगळा दोष फुटीवर टाकणे योग्य नव्हे.

स्कँडिनेव्हियात चर्च व राज्यसंस्था यांचे नाते वेगळे असल्याने वादाचा आकारही वेगळा झाला. डेन्मार्कने १९८९ मध्ये समलिंगी सहजीवनाच्या नोंदणीचा जगातील पहिला कायदा केला आणि २०१२ मध्ये संसदेनेच चर्चमध्ये असे विवाह लावण्यास मान्यता दिली. वैयक्तिक पाळकास नकाराची मुभा ठेवली. स्वीडनचे चर्च २००० मध्ये राज्यापासून विभक्त झाले. तेथे १ मे २००९ पासून समलिंगी विवाह कायदेशीर झाला व २२ ऑक्टोबर रोजी चर्चच्या सभेने १७६ विरुद्ध ६२ मतांनी तो स्वीकारला. त्याच वर्षी एव्हा ब्रूने या स्टॉकहोमच्या बिशप झाल्या. नॉर्वेत हा निर्णय २०१६ मध्ये झाला. फिनलंडमध्ये मात्र तीनचतुर्थांश बहुमताच्या अटीमुळे प्रश्न दीर्घकाळ अडून राहिला. स्वीडनमधील परंपरावाद्यांनी २००३ मध्येच ‘मिशन प्रांत’ ही स्वतंत्र रचना उभारली होती. तिचे मूळ कारण स्त्रियांच्या पाळकदीक्षेस असलेला विरोध. २००५ मध्ये तिच्या पहिल्या बिशपचा अभिषेक केनियाचे ल्यूथरन बिशप वॉल्टर ओबारे यांनी केला. एकेकाळी ज्या खंडात युरोपीय मिशनरी गेले, त्याच खंडातून बिशप येऊन युरोपातील असंतुष्टांना दीक्षा देऊ लागले.

आफ्रिकेतील प्रतिक्रिया यापुढे अधिक तीव्र झाली. टांझानियातील बिशपांनी २००४ च्या बुकोबा निवेदनात समलिंगी विवाहाचा निषेध केला आणि २०१० च्या डोडोमा निवेदनात तो अधिक कडक शब्दांत मांडला. इथिओपियाच्या ‘मेकाने येसूस’ चर्चने जानेवारी २०१३ मध्ये स्वीडनचे चर्च व अमेरिकेतील वरील चर्च यांच्याशी असलेले संबंध तोडले. त्यांच्या पाळकांसमवेत प्रभुभोजन घेऊ नये, असेही ठरविण्यात आले. साठ लाखांच्या आसपास सभासद असलेल्या व झपाट्याने वाढणाऱ्या या चर्चच्या उभारणीत स्वीडिश मिशनऱ्यांचा मोठा वाटा होता. परकीय साहाय्य थांबण्याची शक्यता असूनही त्याने हा निर्णय घेतला. म्हणून त्यास केवळ बाहेरच्या पुराणमतवाद्यांची फूस म्हणणे अन्यायाचे होईल. उलट, समलिंगी संबंध हे पाश्चात्त्यांचे आयात व्यसन होय, हा आफ्रिकेत वारंवार केला जाणारा दावाही इतिहासास धरून नाही. विरोधकांची आपापसांतही एकवाक्यता नव्हती. मेकाने येसूस स्त्रियांना पाळकदीक्षा देते, तर मिसूरी सिनड ती नाकारते. त्यामुळे या दोघांचे पूर्ण ऐक्य अवघड राहिले.

१९४७ मध्ये लुंड येथे स्थापन झालेल्या ल्यूथरन जागतिक संघापुढे यामुळे पेच पडला. संघाने १९७७ मध्ये दार-एस्-सलाम येथे वर्णभेदाचा प्रश्न श्रद्धेच्या कसोटीचा म्हणून घोषित केला होता व १९८४ मध्ये बूडापेस्ट येथे आफ्रिकेच्या दक्षिण भागातील दोन गोऱ्या चर्चचे सभासदत्व स्थगित केले होते. म्हणजे नैतिक प्रश्नावरून सहभागिता तोडण्याचे उदाहरण घरातच होते. येथे मात्र कोणी कोणास वगळावे, यावरच एकमत नव्हते. संघाने २००७ मध्ये आदरपूर्वक संवादाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आणि निर्णय घटक चर्चवर सोपविला. टांझानिया व इथिओपिया यांची चर्च संघातच राहिली, हे या संयमाचे फळ होय.

भारतात ल्यूथरन मिशनचा आरंभ ९ जुलै १७०६ रोजी तरंगंबाडी (ट्रांकेबार) येथे झाला. पुढे गुंटूर परिसरात अमेरिकन, छोटा नागपुरात जर्मन आणि मध्य प्रांतात १८७७ पासून स्वीडिश मिशनने काम केले. इथिओपियाकडे मिशनरी पाठविणारी स्वीडनमधील संस्था आणि छिंदवाडा भागात आलेली संस्था एकच होती. छिंदवाड्याच्या दक्षिणेकडील सौंसर-पांढुर्णा हा मराठीभाषी पट्टा पाहता, मराठी मुलखाच्या सीमेपर्यंत आलेली ल्यूथरन परंपरा ती हीच. महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट समाज मात्र प्रामुख्याने अमेरिकन मराठी मिशन, स्कॉटिश मिशन आणि अँग्लिकन मिशन यांच्या कार्यातून घडला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारत चर्च स्थापन झाले, तेव्हा या परंपरा त्यात विलीन झाल्या. ल्यूथरन त्यात आले नाहीत. उत्तर भारत चर्च अँग्लिकन सहभागितेतही असल्याने हा वाद मराठी ख्रिस्ती मंडळ्यांपर्यंत पोहोचला तो १९९८ च्या लँबेथ परिषदेच्या ठरावाच्या वाटेने. त्या ठरावाने समलिंगी आचरण शास्त्राशी विसंगत ठरविले, मात्र समलिंगी व्यक्तींचे म्हणणे ऐकून घेण्याचेही मान्य केले.

भारतात प्रश्न धर्मसभांपेक्षा न्यायालयात अधिक गाजला. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी, म्हणजे मिनीॲपोलिसच्या मतदानाआधी सात आठवडे, प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते अवैध ठरविले. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत काही ख्रिस्ती संघटनाही होत्या. ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निर्णय फिरला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पुन्हा कायम झाला. समलिंगी विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने मान्य केला नाही. नागपूर येथे मुख्यालय असलेल्या भारतीय राष्ट्रीय चर्च परिषदेने एचआयव्हीविषयक कार्याच्या ओघात हा विषय चर्चेस घेतला. या परिषदेत ल्यूथरन व उत्तर भारत चर्च एकत्र बसतात. परिषद व धर्मविद्यालये यांतील चर्चा आणि गावोगावच्या मंडळ्यांतील मत यांत मोठे अंतर राहिले आहे. या प्रश्नावरून भारतातील एखादे ल्यूथरन चर्च फुटल्याचे उदाहरण दिसत नाही; येथील तंटे बहुधा मालमत्ता, निवडणुका व बिशपपद यांवरून झाले. विवाहासच कायद्याची मान्यता नसल्याने, तो चर्चमध्ये लावावा की नाही, हा प्रश्न भारतीय पाळकापुढे अद्याप उभा राहिलेला नाही. आपल्या मंडळीतील समलिंगी व्यक्तीस प्रभुभोजनाच्या मेजापाशी येऊ द्यावे काय, हा मात्र राहिला आहे.