संगणकाचा पडदा आणि मराठी वापरकर्ता : डेस्कटॉपच्या वैयक्तिक मांडणीचा इतिहास
(बारामती औद्योगिक परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

बारामती-भिगवण रस्त्यावरील औद्योगिक वसाहत आणि तिला लागून असलेली विद्यानगरी हा पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील औद्योगिक व शैक्षणिक वाढीचा महत्त्वाचा परिसर होय. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि त्याच वर्षी बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले. १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठानची स्थापना झाली. १९९९ मध्ये पियाज्जिओची तीनचाकी वाहने येथील कारखान्यातून बाहेर पडू लागली आणि २००० मध्ये विद्या प्रतिष्ठानचे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. कारखान्याची कचेरी आणि महाविद्यालयाची प्रयोगशाळा या दोन्ही ठिकाणी संगणकासमोर बसणारी पहिली मोठी पिढी याच सुमारास तयार झाली. घरात मराठी बोलणाऱ्या आणि शाळेत मराठीत शिकलेल्या या पिढीला संगणकाचा पडदा मात्र इंग्रजीत भेटला.

या पडद्याला आपलेसे करण्याचे जे प्रयत्न झाले त्यांचा ऐतिहासिक आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. डेस्कटॉपची सजावट हा सामान्यतः हौसेचा विषय मानला जातो. परंतु चित्र बदलण्याचे स्वातंत्र्य आणि नाव देण्याचे स्वातंत्र्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी वापरकर्त्याला पहिले सहज मिळाले, दुसऱ्यासाठी मात्र त्याला बराच काळ थांबावे लागले, असे या इतिहासातून दिसते.

१. मेजाची कल्पना आणि मराठी दफ्तर :

डेस्कटॉप ही कल्पना अमेरिकन कचेरीतून आली. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये आल्टो हा संगणक तयार झाला. १९८१ मध्ये त्याच कंपनीने स्टार हा संगणक बाजारात आणला. कागद, फोल्डर, कपाट, टपालाची पेटी अशा कचेरीतील वस्तूंची चित्रे पडद्यावर मांडावीत, म्हणजे नवख्या माणसाला यंत्र ओळखीचे वाटेल, हा त्यामागचा विचार होता. १९८४ च्या मॅकिन्टॉशने ही कल्पना लोकप्रिय केली. त्यावरील छोटी चिन्हे सुझन केअर या चित्रकर्तीने रेखाटली होती.

ही ओळख ज्या कचेरीवर आधारलेली होती ती बारामतीची नव्हती. येथील आडत दुकानात गादी, लोड आणि उतरत्या झाकणाचे बैठे डेस्क असे. त्यावर रोजकीर्द आणि खतावणी असे. जुने कागद फोल्डरमध्ये नव्हे, तर रुमालात बांधले जात. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर आजही रुमालांच्या हिशेबाने ओळखले जाते. रुमालाचे कापड, त्याचा रंग वा गाठ यांना फारसे महत्त्व नव्हते. आत कोणते कागद आहेत हे सांगणारी खूण महत्त्वाची होती. ती नसेल तर दफ्तर हा केवळ गठ्ठा ठरे. मांडणीचा पाया नावात असतो, हे तत्त्व मराठी दफ्तराला संगणकाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते.

२. चित्राचे स्वातंत्र्य :

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ३.० या १९९० च्या आवृत्तीत पडद्यामागे चित्र लावण्याची सोय होती. १९९५ च्या विंडोज ९५ मध्ये स्टार्ट बटण व टास्कबार आले. त्याबरोबर स्वतंत्रपणे विकल्या गेलेल्या प्लस या संचात चित्र, रंग, आवाज व चिन्हे एकाच वेळी बदलणाऱ्या सजावटी होत्या. २००१ च्या विंडोज एक्सपीबरोबर हिरव्या टेकडीचे व निळ्या आकाशाचे चित्र जगभर पोहोचले. चार्ल्स ओरिअर या छायाचित्रकाराने ते १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यात टिपले होते. पर्जन्यछायेतील बारामती-इंदापूरच्या माळावर बसलेल्या मुलालाही संगणक सुरू होताच तीच टेकडी दिसे.

ती टेकडी काढून तेथे जेजुरीचा खंडोबा, शिवाजी महाराज किंवा घरातील लहान मूल आणणे ही बहुतेकांची पहिली कृती असे. उजवे बटण दाबावे, गुणधर्मांची खिडकी उघडावी आणि चित्र निवडावे, एवढेच त्यासाठी पुरत असे. खंडेनवमीला यंत्राबरोबर संगणकालाही हळदकुंकू व झेंडूची फुले वाहणाऱ्या समाजाने पडद्यावर देव बसवावा, यात नवल नाही. काचेच्या नळीच्या जुन्या पडद्यावर एकच चित्र फार वेळ राहिल्यास त्याचा डाग उमटत असे. तो टाळण्यासाठी स्क्रीनसेव्हर आला आणि तोही हौसेचे साधन झाला. त्यातील सरकत्या अक्षरांच्या प्रकारात फॉन्ट निवडता येत असे. त्यामुळे एखादा मराठी फॉन्ट बसवलेला असल्यास कारखान्याचे वा दुकानाचे नाव मराठीत पडद्यावरून सरकवता येई.

या स्वातंत्र्यालाही मर्यादा होती. संगणक सहसा एकाचा नसे. प्रयोगशाळेत एका यंत्रावर दिवसभरात अनेक तुकड्या बसत, तर कारखान्यात पाळीगणिक माणूस बदले. अशा ठिकाणी पडद्याची मांडणी बदलण्याची सोय व्यवस्थापकाला बंद करून ठेवता येत असे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे गावोगावच्या विद्यार्थ्यांना संगणकाची प्राथमिक ओळख झाली. परंतु शिकलेले बदल करून पाहायला स्वतःचा संगणक असणे ही निराळी बाब होती. पडद्यावर ‘माय कॉम्प्युटर’ असे लिहिलेले असे. मराठी कानाला त्यातील ‘माय’ आपुलकीचा वाटला, तरी ज्याला ते वाचायचे होते त्याचा तो संगणक क्वचितच असे.

३. नावाचा प्रश्न :

चित्र बदलणे सोपे होते, पण फोल्डरला मराठी नाव देणे अवघड होते. याचे कारण मराठी अक्षरे संगणकात साठवण्याच्या पद्धतीत आहे.

भारतीय लिपींसाठीचे जिस्ट तंत्रज्ञान कानपूरच्या आयआयटीत विकसित झाले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाल्यावर ते काम तेथे आले. भारतीय लिपींच्या सांकेतिक क्रमाचे इस्की हे मानक भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये स्वीकारले. तथापि कचेऱ्यांत आणि छापखान्यांत प्रत्यक्ष वापर वाढला तो पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीसारख्या, किंवा आकृतीसारख्या संचांचा. या संचांच्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. संगणकाच्या लेखी मजकूर रोमनच राही आणि विशिष्ट फॉन्टमुळे तो मराठी दिसे. प्रत्येक संचाची जुळणी वेगळी असल्याने एका फॉन्टमध्ये लिहिलेले दुसऱ्यात वाचता येत नसे.

पत्र, पावती वा लग्नपत्रिका यांसाठी ही युक्ती पुरेशी होती, कारण कागदावर छापून आले की काम संपे. डेस्कटॉपवर मात्र तिचा निभाव लागत नसे. चिन्हाखालील नावांचा फॉन्ट विंडोजमध्ये बदलता येत असे, परंतु तो सर्व नावांसाठी एकदमच बदले. तेथे मराठी फॉन्ट निवडला तर मराठीत टंकलेले नाव नीट दिसे, पण शेजारची सर्व इंग्रजी नावे अर्थहीन देवनागरी तुकड्यांत बदलत. दोन्ही भाषा एकाच पडद्यावर नांदू शकत नव्हत्या. परिणामी मराठी पत्रांनी भरलेल्या फोल्डरचे नावही रोमन लिपीत ठेवावे लागे. दफ्तर मराठी असले तरी त्याच्या रुमालावरील खूण इंग्रजी, अशी ही स्थिती होती.

४. युनिकोडचा मार्ग आणि त्यावरील अडथळे :

जगातील सर्व लिपींतील प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारे युनिकोड हे मानक १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील देवनागरीची रचना इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारित होती. विंडोजमध्ये देवनागरीचा खऱ्या अर्थाने प्रवेश झाला तो २००० सालच्या विंडोज २००० या आवृत्तीत. तिच्यासोबतचा मंगल हा फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवला होता. मराठी कवी, सुलेखनकार आणि मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राचे अध्यापक असलेल्या जोशी यांचे २००८ मध्ये निधन झाले. अनेक वर्षे भारतातील असंख्य पडद्यांवर देवनागरी ज्या रूपात दिसली ते रूप त्यांच्या हातचे होते, याची फारशी नोंद घेतली गेली नाही.

सोय आली तरी ती आपोआप चालू होत नव्हती. विंडोज एक्सपीत प्रादेशिक भाषांच्या खिडकीत जाऊन जटिल लिपींची फाइल स्वतंत्रपणे बसवावी लागे. ती बसवताना मूळ सीडी मागितली जाई आणि व्यवस्थापकाचे अधिकार आवश्यक असत. सामान्य खात्यावर बसलेल्या विद्यार्थ्याला वा कारकुनाला पडद्यावर खंडोबा आणता येई, पण ‘खंडोबा’ हा शब्द चिन्हाखाली लिहिता येत नसे. तेथे चौकोन उमटत. पडद्यावरील मालकी खरोखर कोणाकडे होती, हे या चौकोनांवरून स्पष्ट होते.

मराठीच्या स्वतःच्याही काही गरजा होत्या. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातील अर्धा र हिंदीत येत नाही. केवळ हिंदी डोळ्यांसमोर ठेवलेल्या फॉन्टमध्ये तो बिघडत असे किंवा रफार होऊन पुढील अक्षराच्या डोक्यावर बसत असे. ज्या तालुक्यांत ऊस, दूध आणि शेतकरी हेच कचेरीच्या कामाचे मुख्य विषय आहेत, तेथे हा दोष किरकोळ म्हणता येत नाही. ल आणि श यांची मराठी वळणे हाही असाच मुद्दा होता. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला व अक्षरांची रूपे निश्चित केली. शिवाय देवनागरीला मात्रा व उकारांसाठी ओळीच्या वर आणि खाली जागा लागते. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या पट्ट्यांत ही अक्षरे दाटीवाटीने बसत.

५. मुक्त प्रणाली आणि मराठी पडदा :

याच काळात दुसरा प्रवाह सुरू झाला होता. लिनक्ससाठी केडीई हा डेस्कटॉप १९९६ मध्ये आणि ग्नोम १९९७ मध्ये सुरू झाला. यांत पट्ट्यांची जागा, खिडक्यांच्या कडा, एकाहून अधिक कामाचे पडदे असे जवळजवळ सर्व काही बदलता येत असे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मूळ संहिता खुली असल्याने पडद्यावरील शब्दही बदलता येत होते. २००० च्या सुमारास इंडलिनक्स या स्वयंसेवी गटाने भारतीय भाषांतील डेस्कटॉपचे काम हाती घेतले. पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेकने दिलेल्या फॉन्टवर आधारित लोहित हा संच रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली उपलब्ध केला. २००७ मध्ये सी-डॅकने बॉस ही लिनक्सवर आधारित प्रणाली प्रसिद्ध केली. मायक्रोसॉफ्टनेही विंडोजचा पडदा मराठीत दाखवणारे संच दिले.

येथे एक नवा पेच निर्माण झाला. फाइलला ‘धारिका’ म्हणावे, ‘संचिका’ म्हणावे की ‘फाइल’च राहू द्यावे? इंग्रजी पडद्यावर शिकलेल्याला मराठी शब्द अवघड वाटले. ज्याने कधीच संगणक वापरला नव्हता, त्याला दोन्ही सारखेच अपरिचित होते. सारख्या शब्दांसाठी सारखे प्रतिशब्द ठरवण्याच्या हेतूने २००८ मध्ये फ्युएल हा प्रकल्प सुरू झाला. पडद्याची भाषा मराठी केल्याने तो आपलासा होतोच असे नाही. ती मराठी बोलण्याच्या जवळची असावी लागते, हे यातून स्पष्ट झाले.

बारामतीच्या दृष्टीने या संदर्भात एक उदाहरण महत्त्वाचे ठरते. मुंबईच्या आयआयटीने २००३ मध्ये सुरू केलेल्या अॅक्वा या प्रश्नोत्तर सेवेत बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र सहभागी होते. शेतकऱ्याने विचारलेल्या प्रश्नाला तज्ज्ञ उत्तर देत आणि मराठी, हिंदी वा इंग्रजी यांपैकी भाषा निवडता येत असे. पिकावरील रोगाचे वर्णन शेतकरी ज्या शब्दांत करतो, त्याच शब्दांत ते पडद्यावर उमटणे ही येथे सजावटीची नव्हे, तर उपयोगाची बाब होती.

६. समारोप :

२००७ च्या विंडोज व्हिस्टात ‘माय कॉम्प्युटर’मधील ‘माय’ हा शब्द गळाला. योगायोग असा की, संगणक मराठी वापरकर्त्याचा होण्याची तांत्रिक तयारी त्याच सुमारास पूर्ण होत आली होती. त्यानंतरच्या आवृत्त्यांत देवनागरी वेगळी बसवावी लागली नाही. पुढे भ्रमणध्वनी हाच बहुतेकांचा पहिला संगणक ठरला. तो सहसा एकाच व्यक्तीचा असल्याने पडद्याच्या मांडणीला कोणाची परवानगी लागेनाशी झाली.

तरीही चिन्हाखालील नावे पाहिली तर ती आजही मोठ्या प्रमाणावर रोमन लिपीत आढळतात. यामागे आता तंत्राची अडचण नाही, सवय आहे. ज्या वर्षांत लोक संगणक शिकले त्या वर्षांत मराठी नाव देणे अशक्य होते, आणि ती अशक्यता नियमासारखी मनात रुजली. शिकवणाऱ्यांनी पुढील पिढीलाही तसेच शिकवले. अडथळा दूर झाला तरी वळसा घालून जाण्याची सवय टिकून राहिली.

म्हणून संगणकाच्या प्राथमिक अभ्यासक्रमात वॉलपेपर बदलण्याच्या पाठाबरोबरच फोल्डरला मराठी नाव देण्याचा पाठही असला पाहिजे. ज्या मोडी लिपीत पेशवे दफ्तरातील बहुसंख्य कागद लिहिलेले आहेत, तिलाही २०१४ च्या युनिकोड ७.० मध्ये स्थान मिळाले. रुमालातील अक्षरांनाही आता संगणकात क्रमांक आहे. बारामतीच्या कचेरीतील फोल्डरवर ‘शेतकऱ्यांची नोंद’ असे लिहिण्यास आता कोणाची परवानगी लागत नाही. ते लिहिले जाईल तेव्हाच पडद्याची मांडणी खऱ्या अर्थाने वैयक्तिक झाली असे म्हणता येईल.