गुरांचे ऋतुमानानुसार अनुकूलन

गुरांचे ऋतुमानानुसार अनुकूलन म्हणजे हवेचे तापमान बदलले तरी शरीराचे तापमान स्थिर राखण्यासाठी गाई-म्हशींच्या शरीरात व वर्तनात होणारे बदल होत. निरोगी गाईच्या शरीराचे तापमान सुमारे ३८.५° से. असते. हे बदल पूर्ण होण्यास काही आठवडे लागतात. त्यामुळे हळूहळू वाढणाऱ्या उन्हाळ्यापेक्षा अचानक आलेली उष्णतेची लाट गुरांना अधिक घातक ठरते.

उष्णतेचे संतुलन

चयापचय आणि कोठीपोटात होणारे चाऱ्याचे किण्वन यांमुळे गुरांच्या शरीरात सतत उष्णता निर्माण होते. ती वहन, अभिसरण, प्रारण व बाष्पीभवन या मार्गांनी बाहेर पडते. हवा शरीराइतकी तापली की पहिले तीन मार्ग निरुपयोगी ठरतात आणि केवळ घाम व श्वासावाटे होणारे बाष्पीभवन उरते. दमट हवेत तेही मंदावते. म्हणून गुरांवरील ताण मोजण्यासाठी तापमान-आर्द्रता निर्देशांक वापरतात. अधिक दूध देणाऱ्या विदेशी गाईंसाठी ७२ ही ताणाची प्रचलित मर्यादा मानली जाते. तापमान २५° से. व आर्द्रता ५० टक्के असतानाच हा निर्देशांक ७२ च्या जवळ पोहोचतो.

उन्हाळ्यातील बदल

त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम वाढतो व श्वसन जलद होते. गुरे पाणी अधिक पितात आणि चारा कमी खातात. अवटु ग्रंथीचा स्राव घटून चयापचय मंदावतो. यामुळे शरीरातील उष्णता कमी होते, परंतु दूधही घटते. दिवसाची लांबी वाढू लागली की हिवाळ्यातील दाट केस गळून आखूड केस येतात.

हिवाळ्यातील बदल

थंडीत त्वचेकडील रक्तप्रवाह घटतो, केस दाट होतात व भूक वाढते. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावरांना किण्वनाची उष्णता उपयोगी पडते. नवजात वासरांचे कोठीपोट मात्र अविकसित असते. ती थरथरून व शरीरातील तपकिरी चरबी जाळून ऊब मिळवतात. म्हणून जन्मल्यानंतर लवकर चीक पाजणे व अंग कोरडे करणे महत्त्वाचे असते.

वंशानुसार फरक

खिल्लार, देवणी, लाल कंधारी यांसारख्या भारतीय गाईंचे केस आखूड, कातडी सैल व घर्मग्रंथी मोठ्या असतात. त्यांचा चयापचयाचा वेगही कमी असतो. होल्स्टीन फ्रिजियन गाय समशीतोष्ण प्रदेशातील असून तिच्या भरपूर दुधाबरोबर शरीरात उष्णताही अधिक निर्माण होते. संकरित गाईंची सहनशक्ती त्यांच्यातील विदेशी रक्ताच्या प्रमाणानुसार बदलते.

म्हशीची काळी कातडी ऊन शोषून घेते, केस विरळ असतात आणि घर्मग्रंथी गाईपेक्षा बऱ्याच कमी असतात. पाण्यात व चिखलात डुंबून ती ही उणीव भरून काढते. त्यामुळे तळी व डोह आटले की तिच्यावर गाईपेक्षाही अधिक ताण येतो.

प्रजननावरील परिणाम

दिवस लहान होऊ लागले की म्हशींची प्रजननक्षमता वाढते. उन्हाळ्यात माजाची बाह्य लक्षणे दिसत नाहीत. यास मुका माज म्हणतात. म्हैस सुमारे १० महिने गाभण राहत असल्याने हिवाळ्याच्या आसपास फळलेल्या म्हशी पावसाळ्यात व त्यानंतर वितात. उष्णतेचा बीजांडांवरील परिणाम ऊन ओसरल्यावरही काही आठवडे टिकतो.

गोपालनातील महत्त्व

उन्हाळ्यात सावली, सतत पाणी आणि सकाळी लवकर व रात्री चारा दिल्यास अनुकूलनास साहाय्य होते. अंगावर पाणी फवारताना गोठ्यात हवा खेळती असणे आवश्यक असते; बंदिस्त गोठ्यात फवारणीमुळे आर्द्रता वाढून उलट परिणाम होतो. रात्रीचा गारवा गुरांना दिवसभर साठलेली उष्णता बाहेर टाकण्यास उपयोगी पडतो. रात्रीही उकाडा टिकल्यास ही संधी मिळत नाही व ताण दिवसागणिक साचत जातो.